चेष्टा आणि शरीरचेष्टा : स्थूल कुमारांच्या व्यायामविमुखतेचा भाषिक विचार

संस्कृतात ‘चेष्टा’ म्हणजे हालचाल, शरीराची कृती. चरकसंहितेत व्यायामाचे लक्षण सांगताना ‘शरीरचेष्टा’ हाच शब्द योजिलेला आहे. मराठीत मात्र हा शब्द थट्टा, टवाळी, कुचेष्टा या अर्थी रूढ झाला आणि त्याचा मूळ अर्थ शास्त्रीय ग्रंथांपुरता उरला. शाळेच्या मैदानावर हे दोन्ही अर्थ एकत्र आलेले दिसतात. ज्या मुलाने अधिक हालचाल करावी असे डॉक्टर, पालक आणि शिक्षक एकमुखाने सांगतात, त्याच मुलाची हालचाल करताना सर्वांत अधिक चेष्टा होते. ही चेष्टा त्याला व्यायामाकडे ढकलते की व्यायामापासून दूर नेते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. प्रश्न आरोग्यशास्त्राचा आणि मानसशास्त्राचा असला तरी चेष्टेचे मुख्य साधन शब्द हे असल्यामुळे भाषाभ्यासकालाही त्यात काही सांगण्यासारखे आहे.

१. प्रश्नाची व्याप्ती

किलोग्रॅममधील वजनास मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले असता जो अंक येतो त्यास देहवस्तुमानांक म्हणतात. प्रौढांच्या बाबतीत या अंकाच्या मर्यादा ठरीव असतात; वाढत्या मुलांच्या बाबतीत त्या वयाप्रमाणे आणि लिंगाप्रमाणे बदलतात. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ साली पाच ते अठरा वर्षांच्या मुलांसाठी सुधारित वाढ-आलेख प्रसिद्ध केले. प्रौढांमधील २३ आणि २७ या अंकांशी जुळणाऱ्या रेषा त्यांत अनुक्रमे अतिवजन आणि स्थूलता यांच्या सीमा मानल्या आहेत.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ साली जगातील पाच ते एकोणीस वर्षे वयाच्या ३९ कोटींहून अधिक मुलांचे वजन मर्यादेपेक्षा जास्त होते; त्यांपैकी १६ कोटी मुले स्थूल या वर्गात मोडत होती. १९९० मध्ये या वयोगटातील अतिवजनाचे प्रमाण शेकडा ८ होते, ते २०२२ मध्ये शेकडा २० झाले. भारताचे चित्र दुहेरी आहे. २०१६ ते २०१८ या काळात झालेल्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात दहा ते एकोणीस वर्षांच्या मुलामुलींपैकी शेकडा सुमारे २४ वयाच्या मानाने कृश, तर शेकडा सुमारे ५ अतिवजन असलेली आढळली. म्हणजे एकाच वर्गात खंगलेली आणि वाढलेली अशी दोन्ही प्रकारची मुले बसतात. जेथे कृशता अधिक तेथे स्थूल मूल अल्पसंख्य ठरते आणि म्हणूनच ते अधिक ठळकपणे डोळ्यांत भरते.

हालचालीच्या अभावाचा प्रश्न मात्र केवळ स्थूल मुलांचा नाही. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी दररोज सरासरी साठ मिनिटे मध्यम ते जोरकस हालचाल करावी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. २०१६ पर्यंतच्या माहितीवर आधारलेल्या एका आंतरराष्ट्रीय पाहणीत अकरा ते सतरा वर्षांच्या शाळकरी मुलांपैकी शेकडा ८१ मुले या मर्यादेपर्यंत पोचत नसल्याचे दिसले. मुलींत हे प्रमाण शेकडा ८५ होते. तेव्हा बारीक मुलेही फारशी खेळत नाहीत. परंतु न खेळल्याबद्दल बोल लागतो तो स्थूल मुलांनाच.

२. शब्दांची घडण

देहावरून नावे ठेवण्याची मराठीची शक्ती मोठी आहे आणि ती केवळ स्थूलतेपुरती मर्यादित नाही. उंच मुलगा ‘ताडमाड’ होतो, बुटका ‘टिंगू’ होतो, कृश मुलगा ‘काडी’ किंवा ‘हाडकुळा’ ठरतो. तथापि स्थूलतादर्शक शब्दांत दोन विशेष दिसतात.

पहिला विशेष रूपाचा आहे. ‘-या’ हा प्रत्यय मराठीत देहाच्या एखाद्या लक्षणावरून सबंध माणसाचे नाव तयार करतो. ‘टक्कल’ वरून ‘टकल्या’ होते, तसे ‘ढोल’ वरून ‘ढोल्या’ आणि ‘ढेरपोट’ वरून ‘ढेरपोट्या’. दुसरीकडे ‘काळा’, ‘जाडा’ अशा आकारान्त पुल्लिंगी विशेषणांचे संबोधनातील रूपही ‘काळ्या’, ‘जाड्या’ असेच होते. नाम बनविणारा प्रत्यय आणि हाक मारण्याचे रूप यांचा उच्चार असा सारखाच असल्यामुळे वर्णन आणि नाव यांतील अंतर मराठीत फार थोडे राहते. ‘तो जाडा आहे’ हे विधान क्षणात ‘ए जाड्या’ ही हाक होते. मुलीच्या बाबतीत ‘जाडी’ हा शब्द येतो. कागदाची आणि भिंतीची मोजता येणारी जी ‘जाडी’, तोच शब्द मुलीचे नाव होऊन बसतो.

दुसरा विशेष अर्थाचा आहे. ‘लठ्ठ पगार’, ‘वजनदार माणूस’, ‘शब्दाला वजन असणे’ या प्रयोगांत भार ही प्रतिष्ठेची खूण आहे. तान्ह्या मुलाने बाळसे धरले, ते गुटगुटीत दिसू लागले, की घरात समाधान वाटते; ‘सुदृढ बालक स्पर्धा’ महाराष्ट्राच्या परिचयाच्या आहेत. हाच देह बाराव्या-तेराव्या वर्षी हेटाळणीचा विषय होतो. ‘गुटगुटीत’ हे विशेषण एका वयानंतर गळून पडते आणि त्याच्या जागी भोपळा, पोते, पिंप, हत्ती, म्हैस असे शब्द येतात. त्यांतील पोते आणि पिंप या जागच्या जागी पडून राहणाऱ्या वस्तू आहेत. संस्कृतातही ‘जड’ म्हणजे बधिर, मंद. ‘स्थूलबुद्धी’ आणि ‘सूक्ष्मबुद्धी’ ही जोडी सर्वश्रुत आहे. मराठी बोलण्यात ‘लठ्ठ’ आणि ‘मठ्ठ’ यांचे यमक सहज जुळते. देहाचा भार, शरीराचे मांद्य आणि बुद्धीचे मांद्य यांची सांगड भाषेने पूर्वीच घालून ठेवलेली असल्यामुळे स्थूल म्हटलेले मूल न बोलता आळशीही ठरते आणि मंदही ठरते.

‘खायला काळ आणि भुईला भार’ ही म्हण या संदर्भात लक्षात घेण्यासारखी आहे. खाणे, भार आणि निरुपयोगीपणा हे तीन दोष तिने एका सूत्रात ओवले आहेत. उंच मुलाला कोणी त्याच्या उंचीचा जाब विचारीत नाही; स्थूल मुलाला त्याच्या वजनाचा जाब विचारला जातो. बर्नार्ड वाइनर आणि त्यांचे सहकारी यांनी १९८८ साली दाखविलेल्या तत्त्वाशी हे जुळते. ज्या वैगुण्याचे कारण त्या व्यक्तीच्या हाती होते असे लोक मानतात, त्याबद्दल दयेऐवजी राग आणि मदतीऐवजी टाळाटाळ वाट्याला येते. वस्तुतः आनुवंशिकता, घरचा आहार, झोप, औषधे, खेळायला जागा असणे वा नसणे अशा अनेक कारणांनी वजन घडते आणि त्यांतील बहुतेक कारणे तेरा वर्षांच्या मुलाच्या हातची नसतात.

निंदेचा हा सूर शास्त्रातही जुना आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात अतिस्थूल आणि अतिकृश देहांची चिकित्सा ज्या अध्यायात येते, त्याचे नाव ‘अष्टौनिन्दितीय’ असे आहे. विवेचन वैद्यकीय आहे, हेतू उपचाराचा आहे. तरीही वर्गाचे नाव ‘निन्दित’ या शब्दावरून पडले आहे.

३. मैदान आणि हाक

थट्टा आणि छळ यांची सीमारेषा कोणती? नॉर्वेतील संशोधक डॅन ओल्वेयस यांनी शालेय छळाचे जे लक्षण सांगितले, त्यात तीन गोष्टी येतात : दुखविण्याचा हेतू, पुनरावृत्ती आणि बळातील विषमता. सर्वांनी सर्वांना नावे ठेवणे ही थट्टा होय. एकाला सर्वांनी, रोज, त्याला उलट उत्तर देता येणार नाही अशा रीतीने नाव ठेवणे हा छळ होय. मराठीत चिडविणे, हिणविणे, टर उडविणे, खोडी काढणे, छळणे अशी क्रियापदे आहेत. परंतु ‘चिडविणे’ हे सौम्य क्रियापद या सर्वांना झाकून टाकते. ‘मुले चिडवितात, त्यात काय एवढे’ या वाक्यात छळाचे रूपांतर खेळात होऊन जाते.

ही नावे मैदानावरच अधिक घट्ट का होतात, याचे एक कारण भाषाव्यवहारात आहे. वर्गात हजेरी घेताना मुलाचे नाव आडनावासह उच्चारले जाते. तेथे बोलण्याचे क्रम ठरलेले असतात आणि हाक मारण्याचे प्रसंग थोडे येतात. खेळात स्थिती उलट असते. ‘धर’, ‘पळ’, ‘मागे हो’, ‘इकडे टाक’ या आज्ञार्थी वाक्यांच्या आधी प्रत्येक वेळी कोणाला तरी हाक मारावी लागते; ती दुरून ऐकू जावी आणि झटकन उच्चारता यावी अशी असावी लागते. दोन अक्षरांचे टोपणनाव या कामी सोयीचे पडते. एका सामन्यात ते पन्नास वेळा उच्चारले जाते आणि मैदानाच्या कडेला बसलेल्यांनाही पाठ होते. मुलगा जितका अधिक खेळेल तितके ते नाव अधिक वेळा ऐकील. जे. एल. ऑस्टिन यांच्या १९५५ मधील व्याख्यानांपासून, बोलणे ही स्वतःच एक कृती असते, हा विचार भाषाशास्त्रात रुजला आहे. ‘जाड्या’ ही हाक बोलावण्याचे काम करते आणि त्याच श्वासात त्या मुलाचे मैदानावरील स्थानही ठरविते.

भिडू वाटून घेण्याची पद्धत हे दुसरे ठिकाण होय. दोन कप्तान आळीपाळीने एकेक गडी मागतात. शेवटी जो उरतो त्याला कोणी मागत नाही. तो वाट्याला येतो. पुष्कळदा त्याला ‘लिंबूटिंबू’ ठरविण्यात येते. लहानग्या भावंडालाही खेळात घेता यावे, त्याच्या बाद होण्याने कोणाचे नुकसान होऊ नये, यासाठी मुलांनीच काढलेली ही कोवळी सोय आहे. तीच चौदा वर्षांच्या मुलाला लावली, की तू मैदानावर आहेस पण खेळात नाहीस, असा तिचा अर्थ होतो.

४. संशोधनाचा पुरावा

या विषयावरील मोजमापी संशोधन मुख्यतः अमेरिकेत झालेले आहे. तेथील शाळा, खेळ आणि आहार वेगळे असल्यामुळे तेथील आकडे मराठी शाळांना जसेच्या तसे लागू करता येणार नाहीत. परंतु चेष्टा आणि हालचाल यांचा संबंध कोणत्या दिशेने जातो, हे त्यांवरून समजू शकते.

१९६१ साली स्टीफन रिचर्डसन आणि त्यांचे सहकारी यांनी दहा-अकरा वर्षांच्या मुलांना सहा चित्रे दाखविली. एका चित्रात कोणतेही व्यंग नसलेले मूल होते. इतरांत कुबड्या घेतलेले, चाकाच्या खुर्चीत बसलेले, एक हात नसलेले, चेहऱ्यावर विकृती असलेले आणि स्थूल अशी मुले होती. यांपैकी कोण अधिक आवडते याचा क्रम लावताना मुलांनी स्थूल मुलास सर्वांत शेवटी टाकले. जॅनेट लॅटनर आणि अल्बर्ट स्टंकार्ड यांनी हाच प्रयोग पुन्हा करून २००३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. स्थूल मूल शेवटच्याच क्रमांकावर राहिले; इतकेच नव्हे, तर नावड पूर्वीपेक्षा वाढली होती. मधल्या चाळीस वर्षांत अमेरिकेत स्थूल मुलांची संख्या खूप वाढली असताना हे घडले. तेव्हा संख्या वाढली म्हणजे सहिष्णुता आपोआप वाढते, असे नाही.

२००२ साली मायल्स फेथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खेळाच्या वेळी वजनावरून होणाऱ्या टीकेचा स्वतंत्र अभ्यास केला. ज्या मुलांना अशी टीका अधिक सोसावी लागली, त्यांना खेळात आनंद कमी वाटत होता आणि त्यांची फावल्या वेळातील हालचालही कमी असल्याचे दिसले. रिबेका पुल आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या २०१३ मधील पाहणीत, वजन कमी करण्याच्या शिबिरांत दाखल झालेल्या चौदा ते अठरा वर्षांच्या ३६१ मुलामुलींपैकी शेकडा ६४ जणांनी शाळेत वजनावरून छळ झाल्याचे सांगितले. छळणाऱ्यांत सोबत्यांचा उल्लेख शेकडा ९२ जणांनी केला, मित्रांचा शेकडा ७०, खेळाचे शिक्षक वा प्रशिक्षक यांचा शेकडा ४२, आईवडिलांचा शेकडा ३७ आणि इतर शिक्षकांचा शेकडा २७ जणांनी. मित्रांचा आकडा सूचक आहे, कारण टोपणनाव ठेवणारा मित्र स्वतःला छळणारा समजत नाही. शिक्षकांचा आकडा अधिक गंभीर आहे. मुलाला मैदानावर आणण्याची जबाबदारी ज्याच्यावर सोपविली आहे, त्याचेच शब्द मुलाला मैदानाबाहेर घालवीत असतील, तर अभ्यासक्रमात खेळाचे तास वाढवूनही उपयोग होणार नाही.

येथे एक शंका रास्त आहे. मुले चेष्टेमुळे खेळत नाहीत, की न खेळणाऱ्या मुलांचीच चेष्टा होते? एकाच वेळी केलेल्या पाहणीतून कारण आणि कार्य यांचा निवाडा होत नाही. त्यासाठी एकाच मुलांचा दीर्घकाळ मागोवा घ्यावा लागतो. जेफ्री हंगर आणि जॅनेट टोमियामा यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास अशा प्रकारचा आहे. अमेरिकेतील २३७९ मुलींना दहाव्या वर्षी, ‘तू फार लठ्ठ आहेस असे तुला कोणी म्हटले आहे काय?’ असे विचारण्यात आले होते. ज्यांनी होय म्हटले, त्या एकोणिसाव्या वर्षी स्थूल असण्याचा संभव अधिक आढळला. दहाव्या वर्षीचे वजन, घरचे उत्पन्न, वंश, पाळी येण्याचे वय इत्यादी गोष्टी हिशेबात धरूनही हा फरक उरला. म्हणजे सारख्याच वजनाच्या दोन मुलींपैकी जिला नाव ठेवले गेले, तिची पुढील वाटचाल अधिक बिकट असण्याचा संभव होता. वजनामागील सर्व कारणे यातून उलगडतात असे नाही. परंतु ‘बोलल्याशिवाय सुधारणा होत नाही’ या घरोघरच्या समजुतीला या निष्कर्षाचा आधार मिळत नाही, हे निश्चित.

यामागील यंत्रणा समजण्यास कठीण नाही. धावताना हसू झाले, की धावणे आणि लाज यांची गाठ पडते. मूल पोट दुखते म्हणून बसून राहते, गणवेश आणला नाही असे सांगते, गुण मांडण्याचे काम मागून घेते. न खेळल्यामुळे चेंडू झेलण्याचे, उडी मारण्याचे, श्वास सांभाळण्याचे कौशल्य येत नाही. पुढच्या खेपेस ते अधिक चुकते आणि हसण्यास नवे निमित्त मिळते. प्रत्येक फेरीत हे चक्र आवळत जाते. वास्तविक वजन मुळीच न घटले तरी नियमित हालचालीने हृदयाची व फुप्फुसांची क्षमता वाढते, रक्तदाब आणि रक्तातील साखर यांवर चांगला परिणाम होतो. हा लाभ वजनाच्या काट्यावर दिसत नसल्यामुळे, काट्याकडेच पाहणाऱ्यांस तो व्यर्थ वाटतो आणि मुलालाही तसेच शिकविले जाते.

५. शाळेने काय करावे

पहिला उपाय बोलण्याचा आहे. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ साली डॉक्टरांना तटस्थ शब्द वापरण्याची आणि व्यक्तीचा उल्लेख आधी, स्थितीचा नंतर करण्याची शिफारस केली. हा नियम मराठीत शब्दक्रमाने पाळता येत नाही, कारण मराठीत विशेषण आणि विशेषणात्मक वाक्यांश नामाच्या आधीच येतात. परंतु त्याचे कार्य साधणारी रचना मराठीत मुळातच आहे. ‘त्याला ताप आहे’, ‘तिला धाप लागते’ असे मराठी बोलते. ताप आणि धाप या अवस्था माणसाकडे येतात, माणूस म्हणजे ताप असे होत नाही. ‘हा मुलगा लठ्ठ आहे’ याऐवजी ‘या मुलाचे वजन वाढले आहे’ असे म्हटले, की मूल आणि वजन या दोन गोष्टी वेगळ्या राहतात. शिक्षकाने मैदानावरही मुलास हजेरीतील नावानेच हाक मारावी. टोपणनाव शिक्षकाच्या तोंडी आले, की त्याला शाळेची मान्यता मिळते.

दुसरा उपाय खेळाच्या रचनेचा आहे. लंगडी आणि धावण्याची शर्यत यांत भार ही अडचण असते. परंतु रस्सीखेच, गोळाफेक, कुस्ती यांत आणि कबड्डीत चढाई करणाऱ्याला धरून ठेवताना तो उपयोगी पडतो. कुस्तीने वजनाचे गट पाडून भाराचा प्रश्न न्यायाने सोडविला आहे. वर्षभरातील खेळांत अशा प्रकारांना जागा असेल, तर स्थूल मुलास काही दिवस तरी उपयुक्त भिडू म्हणून उभे राहता येईल. भिडू वाटण्याची एक जुनी रीतही येथे आठवावी. मुले बरोबरीच्या जोड्या पाडतात, जोडीतील दोघे ‘चंद्र’ आणि ‘सूर्य’ अशी गुप्त नावे घेऊन येतात आणि कप्तान नाव ऐकून गडी निवडतो. तेथे निवड देहाची होत नाही, शब्दाची होते. शेवटी कोणी उरत नाही. सर्वांदेखत वजन करून आकडा मोठ्याने वाचणे मात्र टाळले पाहिजे. मोजणी आवश्यक असल्यास ती एकेकट्याची व्हावी.

तिसरा आधार कायद्याचा आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने मुलाला शारीरिक शिक्षा करण्यास आणि त्याचा मानसिक छळ करण्यास मनाई केली आहे. महाराष्ट्राच्या १९९९ च्या रॅगिंगविरोधी कायद्यात रॅगिंगची जी व्याख्या आहे, तिच्यात विद्यार्थ्यास चिडविणे याचाही स्पष्ट समावेश आहे. तथापि मैदानावर उच्चारलेले टोपणनाव कायद्याच्या दारापर्यंत क्वचितच पोचते. ते प्रथम ऐकू येते ते खेळाच्या शिक्षकाला.

मराठी शाळांतील या व्यवहाराचा क्षेत्रीय अभ्यास भाषाविभागांनी हाती घेण्यासारखा आहे. कोणत्या वयात कोणती नावे रूढ होतात, मुलींच्या आणि मुलांच्या नावांत काय भेद असतो, ‘फॅटी’, ‘मोटू’ अशा इंग्रजी-हिंदी शब्दांनी ‘ढोल्या’, ‘ढब्बू’ यांची जागा कितपत घेतली आहे, आणि ज्याला ते नाव पडले त्याने कोणता खेळ केव्हा सोडला, यांची नोंद एकत्र ठेवली गेली पाहिजे. शब्दांची यादी करणे भाषाभ्यासकास नवीन नाही. त्या यादीपुढे मैदानावरील हजेरीचा रकाना जोडला, तर आरोग्यशास्त्रालाही तिचा उपयोग होईल.